पोचपावतीवाले काका

काकांना लग्नाची पत्रिका दिली की ते आधी तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आवक' असं लिहितात, खाली तारीख टाकतात आणि मगच मुलगी कुणाची ते विचारतात. सत्यनारायणाच्या आमंत्रणालाही हाच नियम. शेजारच्या वहिनींनी पाठवलेल्या पुरणपोळ्यांच्या डब्यावर चिकटवलेली तारखेची चिठ्ठी मी स्वतः पाहिली आहे. काकू म्हणतात, "माझ्या वडिलांनी कन्यादान केलं तेव्हा ह्यांनी नक्की सही करून मला ताब्यात घेतलं असणार."

मंत्रालयातल्या एका खात्याच्या आवक-जावक शाखेत काकांची जवळजवळ सगळी नोकरी गेली. डोंबिवलीहून व्हीटीला उभ्याने जायचं (व्हीटीच; पासावर नाव बदलत गेलं, काकांच्या तोंडातलं बदललं नाही), दिवसभर कागदांवर क्रमांक टाकायचे आणि उभ्यानेच परत यायचं. कागदात काय लिहिलंय ते वाचण्याचा त्यांना अधिकार नव्हता आणि हौसही नव्हती. कागद आला कधी, गेला कधी, कुणाच्या सहीने गेला, एवढं चोख असलं की राज्य चालतं, अशी त्यांची श्रद्धा. चाललंही.

असे काका या पट्ट्यात इमारतीगणिक एक सापडतात. ठाण्यात नौपाड्याला थोडे जास्त, कल्याणात टिळक चौकाच्या आसपास थोडे जुने. याद्या करून ठेवायची खोड इथली जुनीच आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. इथल्या कित्येक पिढ्या दाखल क्रमांक आणि परतीची तारीख यांच्या सहवासात वाढल्या. हे काका विजेच्या बिलांच्या पावत्या वर्षवार टाचून ठेवतात. अर्ज दोन प्रतींत करतात. एक द्यायची, दुसरीवर शिक्का घ्यायचा. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारून घेतात. काम झालं की नाही हा त्यांच्या लेखी पुढचा आणि काहीसा गौण प्रश्न. मतदारयादीत नाव आहे हे ठाऊक असूनही दर निवडणुकीआधी जाऊन ते नावावर बोट ठेवून येतात.

अशा माणसाच्या ताब्यात एक संकेतस्थळ आलं.

संकेतस्थळ त्यांच्या ज्ञातिमंडळाचं. ते बांधलं काकांच्या पुतण्याने. त्याला घरात बाळ म्हणतात. बाळचे केस विरळ झालेत, त्याची मुलगी आठवीत आहे, पण तो बाळच. राहतो ठाण्याला घोडबंदर रोडवर, नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत. फुकटच्या कामाला मुदत नसते, या न्यायाने संकेतस्थळ सावकाश पूर्ण झालं. संस्थापकांचे फोटो, अध्यक्षांचं मनोगत, वधूवर सूची, विद्यार्थी गुणगौरव, सभागृह निधी, हिशेब, सगळं मिळून त्रेचाळीस पानं. उद्घाटनाला कीबोर्डशेजारी नारळ फुटला, थोडं पाणी कीबोर्डात गेलं, टाळ्या झाल्या. आणि त्यानंतर तिकडे कुणी फिरकेना. मंडळाचं संपूर्ण नाव टाकून गूगलवर शोधलं तरी पहिल्यांदा भलत्याच गावचं मंगल कार्यालय यायचं आणि त्याच्याखाली भांड्यांचं दुकान.

"बाळ," काका म्हणाले, "गूगलकडे आपली नोंदच झालेली नाही."

"होईल हो काका हळूहळू. हवं तर साइटमॅप सबमिट करा."

काका खुर्चीत ताठ झाले. सबमिट करा! म्हणजे गूगललाही अर्ज घेण्याची खिडकी आहे, आणि हे या कार्ट्याने इतके दिवस सांगितलं नाही!

बाळने मग समजावलं ते असं. शोधयंत्रांचे बॉट एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात जात सगळीकडे पोचतात. ज्या पानाकडे कुठूनच दुवा जात नाही, ते त्यांना सापडेलच असं नाही. म्हणून आपण आपल्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची एक यादी करून फाइलमध्ये ठेवायची. प्रत्येक पत्त्यापुढे, वाटलं तर, तीन नोंदी: पान शेवटचं कधी बदललं, साधारण किती वेळाने बदलतं आणि त्याचं महत्त्व किती. यादी लिहायची एक्सएमएल पद्धतीने, म्हणजे प्रत्येक नोंद कोनी कंसातल्या खुणेने उघडायची आणि तसल्याच खुणेने बंद करायची.

"म्हणजे आवक-जावक रजिस्टर," काका म्हणाले. "हे त्यांना कधी सुचलं?"

गूगलला हे जून २००५ मध्ये सुचलं. पुढच्याच महिन्यात २६ जुलैचा महापूर आल्यामुळे आपल्याकडे त्या बातमीची कुणी दखल घेतली नसावी. तेव्हा कल्याण-डोंबिवलीला पाण्यातून घरी पोचण्याची घाई होती. नोव्हेंबर २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही तोच नमुना मान्य केला आणि एका यादीत तिघांचं भागू लागलं. हे ऐकून काका थक्क झाले. तीन खाती एका नमुन्यावर राजी झालेली त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

"पण तुम्ही काही करू नका," बाळ म्हणाला. "आपलं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. २०२०पासून ते साइटमॅप आपोआप बनवतं."

"आपोआप झालेला अर्ज म्हणजे अर्ज नव्हे."

"आणि खरं सांगायचं तर आपल्याला त्याची गरजही नाही. पानं पाचशेच्या आत असतील आणि एकमेकांना नीट जोडलेली असतील तर साइटमॅप नसला तरी चालतो, असं गूगलच सांगतं."

"गरज नाही म्हणून अर्ज न करणारे माझ्या शाखेतच दोघे होते," काका म्हणाले. "अजून पेन्शनच्या मागे फिरतायत."

काकांनी साइटमॅप हाताने लिहिला. नोटपॅड उघडून, एका बोटाने, त्रेचाळीस पत्ते. एखादी खूण बंद करायची राहिली तर पुढचं सगळं वाचायचंच नाकारलं जातं, हे कळल्यावर एक्सएमएलबद्दल त्यांच्या मनात आदर निर्माण झाला. एका फाइलला मर्यादा पन्नास हजार पत्त्यांची आणि पन्नास एमबीची. त्रेचाळीस वजा जाता ४९,९५७ जागा शिल्लक राहतात हे त्यांनी समितीला कळवलं, तेव्हा सहसचिवांनी विचारलं, "मग उरलेली जागा भाड्याने देता येईल का?" सहसचिव बिल्डर लाइनमध्ये आहेत.

पहिली ठेच '&' या खुणेपाशी लागली. एका पानाच्या पत्त्यात ती खूण होती आणि एक्सएमएलमध्ये ती नुसती चालत नाही. तिच्यापुढे ए, एम, पी आणि अर्धविराम असं सगळं लिहून ती तीच आहे हे सिद्ध करावं लागतं. काकांना हे अगदी पटलं. खरी अडचण पुढे आली. बाळने हौसेने पानांचे पत्ते मराठीत ठेवले होते. साइटमॅपमध्ये देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही. त्याचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटच्या जागी टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं येतात. 'वधूवर' हा चार अक्षरांचा शब्द, पण यंत्राच्या हिशेबी उकार वेगळा मोजला जातो, म्हणजे पाच झाले, आणि पाचांचे झाले पंचेचाळीस. काकांनी ते पंचेचाळीस टाइप करून काकूंना दाखवले. टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का बी पाच, अशी ओळभर रांग. काकू म्हणाल्या, "एवढे टक्के पडले असते तर यांची लग्नं कधीच जमली असती."

सचिवांना लांब शीर्षकांचा षोक. 'स्मृतिप्रीत्यर्थ आंतरशालेय निबंध स्पर्धा पारितोषिक वितरण समारंभ वृत्तांत' हा त्यांनी पानाचा पत्ता म्हणून दिला होता. तो टक्क्यांत उतरवताना काकांना दुपारचा चहा आणि संध्याकाळचं फिरणं या दोन्हींवर पाणी सोडावं लागलं. पत्ता २,०४८ अक्षरांच्या आत हवा असा नियम आहे, आणि सचिव त्याच्या आत राहिले ते केवळ प्रमुख पाहुण्यांचं नाव विसरल्यामुळे.

यानंतर कार्यकारिणीची बैठक झाली, टिळकनगरात एका सदस्याकडे. बटाटेवडे होते. विषय क्रमांक चार: 'पानांचे महत्त्व ठरविणे व त्यास मंजुरी देणे.' महत्त्व द्यायचं ते शून्य ते एक, दशांशात. काहीच लिहिलं नाही तर ०.५ धरतात. काकांनी घरून तक्ता करून आणला होता. अध्यक्षांच्या मनोगताला १.०. हे बिनविरोध झालं, कारण अध्यक्ष समोर बसले होते. संस्थापकांना ०.९, यावर एका संस्थापकाचे नातू उठले. "आजोबा नसते तर हे अध्यक्ष कुठे असते?" अध्यक्ष म्हणाले, "कल्याणच्या शाखेत." मग खजिनदारांचं लक्ष हिशेबाच्या पानाकडे गेलं. तिथे ०.३ होतं.

"म्हणजे माझे हिशेब तीस टक्के खरे?"

"खरेपणा नव्हे हो, महत्त्व."

"हिशेबाला महत्त्व नाही असं इतिवृत्तात लिहा. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी वाचून दाखवतो."

महिला शाखेच्या वहिनी तोवर गप्प होत्या. त्यांच्या हळदीकुंकवाला ०.४ आणि क्रिकेटच्या सामन्याला ०.६ आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी हातातला वडा खाली ठेवला. "क्रिकेटला माणसं किती होती? सात. त्यातले दोन पंच आणि एक केळी वाटणारा. हळदीकुंकवाला वाण कमी पडलं, माहितीये?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. रात्री साडेदहाला, शेवटची चटणी संपल्यावर, सर्व पानांना १.० देण्याचा ठराव मंजूर झाला. सूचक आहेत, अनुमोदक आहेत, नावांनिशी.

दुसऱ्या दिवशी बाळने फोनवर ऐकलं आणि तो खूप वेळ हसला. "काका, हे महत्त्व आपल्याच पानांमध्ये आपसांत मोजायचं असतं. सगळ्यांना एक दिलं काय नि सगळ्यांना शून्य दिलं काय, सारखंच. त्याने दुसऱ्याच्या संकेतस्थळापुढे आपण जात नाही. आणि तसंही गूगल हा आकडा बघत नाही. त्यांनी तसं लिहूनच ठेवलंय."

काकांनी फोन ठेवला. नंतर मला म्हणाले, "हे समितीला सांगू नकोस." आयुष्यभर प्रत्येक कागदाची नोंद ठेवणाऱ्या माणसाने एक माहिती जाणूनबुजून आवक केली नाही, असं हे एकच उदाहरण मला माहीत आहे. ठरावाने भांडण मिटलं होतं. मिटलेल्या भांडणाचा कागद उघडायचा नसतो, हे आवक-जावक शाखेला कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरी नोंद होती पान किती वेळाने बदलतं याची. तिला सात पर्याय: सदैव, तासाला, रोज, आठवड्याला, महिन्याला, वर्षाला आणि कधीच नाही. काकांनी संस्थापकांच्या पानाला 'कधीच नाही' दिलं, त्यावर कुणी हरकत घेतली नाही. सभागृह निधीलाही 'कधीच नाही' दिलं, त्यावर मात्र अध्यक्ष दोन दिवस बोलले नाहीत. गूगल ही नोंदही वाचत नाही.

राहिली तारीख.

सचिव एका रविवारी सकाळी काकांकडे आले. हे सचिव म्हणजे उत्साही माणूस. फडके रोडवर पाडव्याच्या शोभायात्रेत सगळ्यात पुढचा झेंडा यांच्याच हातात असतो. "काका, एक करा. त्रेचाळीसही पानांवर रोज आजची तारीख टाकत जा. ताजं दिसलं की गूगल वर आणतं. सगळे असंच करतात."

काकांनी चष्मा काढला. "वधूवर सूचीत शेवटचा बदल मार्चच्या चौदा तारखेचा आहे."

"हो, पण..."

"तर चौदा मार्च पडेल."

"अहो, पण सभागृह निधीचं पान? दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसेल तिथे. जगाला कळेल की दोन वर्षांत एक रुपया आलेला नाही."

"आलेला नाहीच."

सचिवांनी तऱ्हेतऱ्हेने सांगून पाहिलं. मंडळाचं हित, काळाची गरज, ठाण्यातली दुसरी मंडळं. काका एकच वाक्य बोलले, आणि तेही चहा ओतताओता: "मंत्र्यांच्या पीएंनी मागची तारीख मागितली होती, तेव्हा माझी बदली झाली होती ती भंडाऱ्याला." सचिव चहा न पिता गेले. काका किरकिरे आहेत, हेकट आहेत, पुरणपोळीला चिठ्ठी लावतात. पण त्या सकाळी मला त्यांच्या घरातून उठावंसं वाटेना.

गंमत अशी की गूगल जर काही पाहत असेल तर ते हेच. बाळने पुढच्या भेटीत सांगितलं, की शेवटच्या बदलाची तारीख ते वापरतात, पण ती नेहमी खरी निघत असेल तरच. बॉट पान उघडून पडताळून पाहतो. तारीख आजची आणि मजकूर तोच असं सारखं आढळलं की त्या संकेतस्थळाच्या तारखांवरचा त्यांचा विश्वास उडतो. कार्यकारिणी ज्या दोन रकान्यांवर भांडली ते दोन्ही कुणी वाचत नाही, आणि ज्या रकान्यात काकांनी कुणाला बोट घालू दिलं नाही तेवढाच वाचला जातो. ही माहिती मात्र काकांनी आवक केली. लाल शाईने.

अर्ज दाखल करायला काका स्वतः ठाण्याला गेले. बाळ म्हणाला होता की घरून होतं. काका म्हणाले की हजर असलेलं बरं. सर्च कन्सोल नावाच्या खिडकीत फाइलचा पत्ता टाकला, बटण दाबलं, आणि थोड्या वेळाने हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' असं उमटलं. काकांनी त्याची प्रत काढायला लावली. येताना गोखले रोडवर लॅमिनेशन करून घेतलं. घरी हॉलमध्ये, नातवाच्या मुंजीच्या फोटोशेजारी, ती पोच टांगली आहे. पाहुणे विचारतात, काय यशस्वी? काकू म्हणतात, "विचारू नका. सांगतील."

पण पोच मिळाली आणि पुढे काही होईना. अहवालात बहुतेक पानांपुढे एकच शेरा: पान सापडले आहे, सध्या नोंदलेले नाही. दुसरा कुणी चिडला असता. काकांचा चेहरा उजळला. "विचाराधीन," ते मला म्हणाले. "प्रकरण विचाराधीन आहे. आपल्याच पठडीतले लोक दिसतात."

बाळने त्यांना जमिनीवर आणायचा प्रयत्न केला. साइटमॅप हा फक्त इशारा असतो, तो दिला म्हणून पान घेतलंच पाहिजे असं काही बंधन नाही. "काका, दिवा स्टेशन वेळापत्रकात पहिल्यापासून छापलेलं होतं ना? म्हणून फास्ट लोकल थांबायची का तिथे?"

"थांबायला लागली. डिसेंबर २०१६," काका म्हणाले. तारखा त्यांना तोंडपाठ. "पण त्याच्या आदल्या वर्षी लोक रुळांवर उतरले होते. तर गूगलसमोर आपण कुठे उतरायचं, तेवढं सांग."

उतरावं लागलं नाही. काही आठवड्यांनी अहवालातला शेरा बदलला. नवा शेरा होता: पानावर 'नोंदवू नये' अशी खूण आढळल्याने वगळले. काकांनी तो तीनदा वाचला आणि रात्री अकराला बाळला फोन लावला. बाळ आधी इकडचं तिकडचं बोलला, मग एकदम गप्प झाला. संकेतस्थळ बांधत असताना, अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत म्हणून, त्याने वर्डप्रेसमध्ये एका चौकटीत टिचकी मारून ठेवली होती: शोधयंत्रांना परावृत्त करा. उद्घाटनाच्या गडबडीत ती काढायची राहिली. इतके आठवडे काका एका दाराने निमंत्रण पाठवत होते आणि दुसऱ्या दारावर बाळने 'आत येऊ नये' अशी पाटी लावलेली होती.

"म्हणजे अर्ज आपणच करायचा," काका फोनवर सावकाश म्हणाले, "आणि त्याच्यावर 'नामंजूर करावा' असा शेराही आपणच मारायचा. बाळ, तू सरकारी नोकरीत का नाही आलास?"

टिचकी निघाली. काकांना वाटलं, आता गूगलला एक स्मरणपत्र धाडावं. पूर्वी तशी सोय होती. एक ठरावीक पत्ता उघडला की साइटमॅप बदलल्याचा निरोप जायचा. २०२३मध्ये गूगलने ती खिडकी बंद करायचं ठरवलं, कारण निरोप बहुतेक निकामी असायचे. त्याऐवजी रोबोट्स नावाच्या साध्या फाइलमध्ये साइटमॅपचा पत्ता एका ओळीत लिहून ठेवता येतो; बॉट दाराशी आला की आधी तीच फाइल वाचतो. काकांनी ओळ लिहिली, पण मन भरलं नाही. स्मरणपत्र न घेणारं कार्यालय ही कल्पनाच त्यांना झेपत नव्हती.

मधल्या काळात त्यांनी माणसांसाठीही एक साइटमॅप केला. सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी साइटमॅपचा दुवा असतो, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तसं सांगितलं आहे, हे कळल्यावर तो नसणं त्यांना बेकायदेशीर वाटू लागलं. हा साधा, वाचता येणारा. त्रेचाळीस पानांची नावं एकाखाली एक, विभागवार, अनुक्रमांकासह. बाळच्या मते अशी पानं आता जुनाट झाली, मेन्यू चांगला असला की पुरे. पण बाळचा मेन्यू म्हणजे मोबाइलच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा. मंडळाच्या निम्म्या सभासदांना त्या रेघा म्हणजे छपाईतली चूक वाटली होती. ते आता थेट काकांच्या यादीवर जातात, क्रमांक एकोणीस शोधतात आणि गुणगौरवाच्या पानावर नातीचा फोटो बघून येतात. माझ्या मते मंडळाच्या संकेतस्थळावर खरोखर वापरलं जाणारं पान ते एकच. त्याची एक छापील प्रत काकांनी सोसायटीच्या फलकावरही लावली होती, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेखाली. सोसायटीच्या सचिवांनी ती काढली, तेव्हा काकांनी काढल्याची पोच मागितली.

मग एक दिवस गूगलचा बॉट आला, आणि येतच राहिला. सर्व्हरच्या लॉगमध्ये कोण कधी आलं ते दिसतं, हे बाळने दाखवायला नको होतं. काकांनी नवी वही घातली. रकाने: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, पाहिलेले पान, शेरा. काकू रात्री दोनला उठल्या तर हे टेबलाशी. "कोण आलं एवढ्या रात्री?" "गूगल. हिशेबाचं पान बघून गेला." शेरा: समाधानकारक. पुढे बाळ म्हणाला की गूगलबॉटचं नाव लावून भलतेही येतात. खरा कोण ते पाहायचं तर त्याचा आयपी पत्ता उलट शोधून तो गूगलच्याच नावाशी पोचतो का ते तपासावं लागतं. काकांनी लगेच आणखी एक रकाना आखला: ओळख पटवली, होय अथवा नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवाल्या कंपन्यांचेही बॉट येतात आणि सगळं वाचून जातात. त्यांच्यापुढे शेरा आहे: कामाचे स्वरूप सांगितले नाही.

ही वही गेल्या बैठकीत टेबलावर आली. खजिनदारांनी पानं उलटली आणि म्हणाले, "इतक्या वेळा आपला एक सभासद येत नाही. याला आजीव सभासद का करून घेऊ नये?"

"घटनेप्रमाणे सभासद ज्ञातीतला हवा," सचिव म्हणाले.

"मग हितचिंतक करा. त्याला गोत्र लागत नाही. आणि हितचिंतकाकडून सभागृह निधीसाठी देणगी मागता येते."

ठराव एकमताने झाला. पत्र तयार झालं, दोन प्रतींत, सहपत्र म्हणून बॉटच्या भेटींचा गोषवारा. जावक क्रमांक पडला. पाकिटावर पत्ता घालायला काका बाळला फोन लावून बसले. रस्त्याचं नाव त्यांनी अक्षर अक्षर लिहून घेतलं, माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया, सगळं झालं.

"पिन कोड?"

"९४०४३."

काका थांबले. पेन वर उचललं. "बाळ, हे पाचच आकडे झाले."

"पाचच असतात काका तिकडे."

"डोंबिवली पूर्वेला सहा आणि गूगलला पाच?" काका म्हणाले. "एक आकडा तुझ्याकडून सुटलाय. नीट बघ आणि मला लेखी कळव."